गौरी-महालक्ष्मीच्या प्रांतोप्रांतीच्या रीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर रत्नागिरीकडचं, खड्यांच्या गौरींचं. सासर नागपूरकडचं, उभ्या महालक्ष्म्यांचं. त्यामुळे भाद्रपद जवळ आला की दोन्हीकडच्या सुना, जावा, भाच्या आणि शेजारणी मलाच विचारतात. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. कुठल्याही घरच्या रीतीला दुसऱ्या घरच्या रीतीपेक्षा कमी लेखायचं नाही, एवढं मनाशी धरून उत्तरं लिहिली आहेत.

गौरी आणि महालक्ष्मी एकच की वेगळ्या?

सण एकच. कोकणात आणि पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात ‘गौरी’ म्हणतात, खेड्यापाड्यांत ‘गवर’ किंवा ‘गवराई’. मराठवाड्यात आणि विदर्भात त्याच ‘महालक्ष्मी’ होतात. तिकडे ‘आमच्याकडे महालक्ष्म्या असतात’ असं कुणी म्हणालं की ते याच तीन दिवसांबद्दल बोलत आहेत असं समजायचं.

देवीकडे पाहण्याची दृष्टी मात्र घराघरांत वेगळी आहे. कुठे ती पार्वती, म्हणजे गणपतीची आई, तीन दिवस माहेरपणाला आलेली. कुठे ती गणपतीची बहीण. तर कुठे ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी, लक्ष्मीची रूपं. पूजा सांगणारे गुरुजी एक सांगतात आणि घरातली आजी दुसरंच सांगते, असंही होतं. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

चैत्रातली चैत्रगौर, श्रावणातल्या मंगळवारची मंगळागौर, भाद्रपद शुद्ध तृतीयेची हरतालिका आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारचं महालक्ष्मीचं व्रत ही सगळी वेगळी. नावं सारखी असल्यामुळे नव्या सुनांचा गोंधळ होतो, म्हणून सांगितलं.

ज्येष्ठा म्हणजे अलक्ष्मी ना? मग तिची पूजा कशी?

समुद्रमंथनाच्या कथेत लक्ष्मीच्या आधी निघालेली तिची थोरली बहीण म्हणजे ज्येष्ठा, तीच अलक्ष्मी, हे खरं. पण भाद्रपदातल्या ज्येष्ठा गौरीचं नाव ज्येष्ठा नक्षत्रावरून आलं आहे, कारण मुख्य पूजा त्या नक्षत्रावर होते. लोकांच्या मनात तर ती नुसती थोरली बहीण असते आणि धाकटी कनिष्ठा. मनात शंका न ठेवता पूजा करा.

दर वर्षी गौरी गणपतीनंतर वेगवेगळ्या दिवशी का येतात?

कारण गणपती तिथीवर बसतो आणि गौरी नक्षत्रावर येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. ही तिन्ही नक्षत्रं ओळीने येतात आणि चंद्र साधारण रोज एक नक्षत्र ओलांडतो, म्हणून सण तीन दिवसांचा. तिथी आणि नक्षत्र यांची चाल एकसारखी नसते, त्यामुळे चतुर्थी आणि अनुराधा यांच्यातलं अंतर दर वर्षी कमी-जास्त होतं.

अलीकडची तीन वर्षं पाहा. 2023 साली गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि गौरी 21 ला आल्या, म्हणजे गणपतीच्या तिसऱ्याच दिवशी. 2024 साली चतुर्थी 7 सप्टेंबरला आणि आवाहन 10 ला, चौथ्या दिवशी. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला आणि आवाहन 31 ऑगस्टला, पाचव्या दिवशी. म्हणूनच ‘आमचा गणपती पाच दिवसांचा’ म्हणणाऱ्या आणि ‘आमचा गौरी-गणपती’ म्हणणाऱ्या घरांचं विसर्जन कधी एका दिवशी येतं, कधी येत नाही. आवाहनाची वेळ दर वर्षी पंचांगात पाहावी, मागच्या वर्षीची धरून चालू नये.

गौरींची रूपं किती प्रकारची असतात?

मोजू नये इतकी. ठळक तेवढी सांगते.

विदर्भ, मराठवाडा आणि देशावरच्या बऱ्याच घरांत मुखवट्यांच्या उभ्या गौरी असतात. मुखवटे पितळेचे, चांदीचे, मातीचे किंवा शाडूचे. ते कोठ्यांवर, म्हणजे धडाच्या जागी उभ्या केलेल्या पोकळ पिंपांवर, किंवा लोखंडी सांगाड्यावर बसवून साडी नेसवतात. दोघींच्या पुढ्यात त्यांची बाळंही असतात. काही घरांत मडक्यांची उतरंड रचून वरच्या मडक्यावर मुखवटा ठेवतात. काही घरांत धान्याच्या राशीवर नुसता मुखवटा, तर काही ठिकाणी कागदावर काढलेलं देवीचं चित्र.

कोकणात रानातल्या वनस्पतींची गौर फार पाहायला मिळते. तेरडा या दिवसांत बांधाबांधावर फुललेला असतो. त्याची मुळासकट रोपं आणून जुडी बांधतात, तिला साडी नेसवतात आणि वर मुखवटा किंवा नुसतं कुंकू. आघाडा, तेरडा, दूर्वा अशी पावसातली पत्री पूजेलाही लागतेच.

कोकणस्थांच्या कितीतरी घरांत तर खड्यांच्या गौरी असतात. नदीवरून, तळ्यावरून किंवा विहिरीवरून आणलेले खडे, बस्स. माझ्या माहेरी चौरंगावर तांब्याच्या ताम्हनात ते खडे, त्यांच्यावर हळदकुंकू आणि पत्री, शेजारी समई, एवढीच मांडणी. नागपूरच्या माणसाला ते पाहून ‘एवढंच?’ असं वाटतं, हे मला ठाऊक आहे. पण ज्येष्ठा गौरीची जी जुनी कहाणी घरोघर वाचली जाते, तिच्यात देवी म्हातारीच्या रूपात एका गरीब घरी येते आणि शेवटी स्वतः व्रत सांगते: तळ्याच्या पाळी (काठावर) जावं, दोन खडे घरी आणावेत, ऊन पाण्याने धुवावेत आणि ज्येष्ठा-कनिष्ठा म्हणून त्यांची स्थापना करावी. मुखवटे, दागिने, मखर यांचं नावही त्यात नाही. सजावट हौसेची आहे आणि हौस जरूर करावी. पण जिच्याकडे फक्त दोन खडे आहेत, तिची पूजा पुरी आहे.

खड्यांच्या गौरी आणायची रीत काय?

घरातली सवाष्ण किंवा कुमारिका पाणवठ्यावर जाते. खडे पाच किंवा सात, घराच्या रीतीप्रमाणे. पाण्यात धुऊन, हळदकुंकू वाहून ते ताम्हनात किंवा तांब्यात घेते आणि तोंडातून शब्द न काढता, मागे वळून न पाहता घरी येते. बरोबरच्या मुली घंटा किंवा झांज वाजवत असतात. दारात तिच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि मगच आत घ्यायचं.

शहरात पाणवठा कुठून आणायचा? अंगणातल्या किंवा सोसायटीच्या बागेतल्या नळाजवळून, तुळशीपाशी ठेवलेल्या कळशीजवळून बायका खडे आणतात. मी त्यात काही गैर मानत नाही. मात्र येताना बोलायचं नाही, एवढं अवश्य पाळा. तेवढ्या चार पावलांत मन आपोआप एका जागी येतं.

उभ्या महालक्ष्म्या पहिल्यांदाच मांडायच्या आहेत. कुठून सुरुवात करू?

आदल्या रात्रीपासून. सकाळी सुरू केलंत तर मुहूर्त गाठताना ओढाताण होते.

कोठ्या पुसून त्यांत धान्य भरा: गहू, तांदूळ, घरात जे असेल ते. धान्य समृद्धीचं म्हणून भरतातच, शिवाय त्याने कोठीला वजन येतं. हळदीकुंकवाला गर्दी झाली, कुणाचा पदर अडकला, तरी कोठी हलत नाही. साडीच्या निऱ्या पाटावर बसून आधीच घालून घ्याव्यात. सारख्या रुंदीच्या निऱ्या घालून वरच्या टोकाला सुईदोऱ्याने दोन टाके घाला आणि खालच्या टोकाला सैल नाडी बांधून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. सकाळी त्या कोठीच्या कमरेला बांधल्या की फुगत नाहीत. मग पदर, मग हात, मग दागिने. मंगळसूत्र आणि जड हार खांद्यावर आतून पिन लावून अडकवा, नाहीतर पदर खाली ओढला जातो.

मुखवटा सगळ्यांत शेवटी. तो आवाहनाच्या वेळी दारातून आणायचा आणि मगच वर बसवायचा. तोवर बिनमुखाची साडी उभी असते, लहान मुलं तिला घाबरतात. खोलीचा पडदा ओढून ठेवावा.

घरात आणताना काय म्हणायचं?

दारापासून गौरीच्या जागेपर्यंत कुंकवाची किंवा रांगोळीची पावलं काढायची. मुखवटे घेतलेल्या सवाष्णीचे पाय दुधा-पाण्याने धुवायचे. मग कुणी ताटावर चमचा वाजवतं, कुणी झांज, आणि सगळ्या मिळून म्हणतात: गौरी आली सोन्याच्या पावलांनी. तिला थेट जागेवर नेत नाहीत. आधी सगळं घर दाखवतात. स्वयंपाकघर, धान्याचे डबे, कपाट, देवघर, गोठा असेल तर गोठा. प्रत्येक ठिकाणी थांबून एक जण विचारते, इथे काय आहे? दुसरी उत्तर देते आणि इथे भरभराट होऊ दे म्हणते. शब्द घराघरांत वेगळे असतात, पाठ असावेतच असं नाही. आमच्याकडे आता मुलांच्या अभ्यासाच्या टेबलापाशीही गौरी थांबतात. सासूबाईंनीच ती सुरुवात केली.

तीन दिवस नैवेद्य काय काय?

पहिल्या दिवशी साधं. प्रवास करून आलेल्या लेकीला जे वाढू, ते: भाजी-भाकरी. भाजी बहुतेक ठिकाणी शेपूची किंवा मेथीची, भाकरी ज्वारीची, कोकणात तांदळाची.

दुसरा दिवस जेवणाचा. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात पुरणपोळी ठरलेली. तिच्याबरोबर कटाची आमटी, कढी, भजी, वडे, अळूची पातळ भाजी, कोशिंबिरी, चटण्या, पंचामृत आणि आंबील. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील विदर्भात इतकी महत्त्वाची की तिच्यावाचून पान पुरं होत नाही. आरती पुरणाच्या दिव्यांची, सोळा दिवे. पुरण थोडं घट्ट ठेवावं, म्हणजे दिव्याला वाटीचा आकार येतो आणि तूप ओसंडत नाही.

कोकणस्थ घरांत या दिवशी घावन-घाटलं असतं. तांदळाच्या पिठाचे जाळीदार घावन आणि नारळाच्या दुधात गूळ घालून, तांदळाचं पीठ लावून शिजवलेलं घाटलं. घाटलं ढवळताना हात थांबला की गुठळी झालीच. शेवटी वेलची. जुन्या कहाणीतली म्हातारी त्या गरीब घरात शिरल्यावर हेच करायला सांगते, देवाला घावन-घाटलं कर, आणि नाही म्हणू नकोस असंही बजावते. पुरणपोळीवाल्या घरांना हा नैवेद्य साधा वाटतो, पण कहाणीत नाव याचं आहे.

तिसऱ्या दिवशी निरोपाचं जेवण: शेवयांची किंवा गव्हल्यांची खीर, दहीभात आणि मुरड घातलेला कानवला. गेलेलं माणूस परत वळून यावं, म्हणून मुरडीचा कानवला.

सोळा भाज्या खरंच लागतात का? दोघंच जण आहोत.

सोळा पातेली लागत नाहीत. पुष्कळ घरांत सोळा भाज्या थोड्या थोड्या आणून एकत्रच भाजी करतात आणि ती चवीला फार छान लागते. भोपळा, दोडका, पडवळ, घेवडा, गवार, भेंडी, कच्ची केळी, सुरण, मका, अळू, लाल माठ अशी भाद्रपदात मिळणारी सगळी धरत गेलात तर सोळा सहज भरतात. भेंडी वेगळी परतून शेवटी घाला, नाहीतर सगळी भाजी चिकट होते.

सोळाच का, हेही पुष्कळ जण विचारतात. पूजेचे उपचार सोळा. भाद्रपद शुद्ध अष्टमीपासून वद्य अष्टमीपर्यंत चालणारं महालक्ष्मीचं व्रतही सोळा दिवसांचं. सुताचे पदर, दिवे, भाज्या, सगळीकडे तोच आकडा फिरतो.

फुलोरा म्हणजे काय?

विदर्भ-मराठवाड्यातली फार देखणी रीत. करंज्या, पापड्या, साटोऱ्या आणि पिठाचे दागिन्यांसारखे आकार, म्हणजे वेणी, फणी वगैरे, तळून देवीच्या डोक्यावर दोऱ्याने टांगतात. पीठ घट्ट भिजवा आणि दोरा ओवायचं भोक तळण्याआधीच पाडा. तळल्यावर पाडायला गेलात तर करंजी फुटते.

आमच्याकडे गौरीला मटणाचा नैवेद्य असतो. लोक नाकं मुरडतात. हे शास्त्राला धरून आहे का?

तुमच्या घरची ती रीत आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कोकणात, रायगड-रत्नागिरीकडे, कितीतरी समाजांत पूजनाचा दिवस तिखटाचा असतो. आगरी, कोळी, कुणबी घरांत, तसंच कायस्थ प्रभूंच्या घरांत गौरीला मटण, कोंबडी-वडे किंवा मासळीचा नैवेद्य दाखवतात. गणपती शाकाहारी, म्हणून तेवढ्या वेळापुरता त्याच्या आणि गौरीच्या मध्ये पडदा धरतात. लेक माहेरी आली की तिच्या आवडीचं रांधायचं, एवढा सरळ भाव त्यामागे आहे.

पुरणाचा नैवेद्य वरचा आणि तिखटाचा खालचा असं म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. सुनेला हा नैवेद्य नवा असेल, ती शाकाहारी घरातून आली असेल, तर तिच्यावर रांधायची सक्ती करू नका आणि तिनेही घरची रीत मोडायला लावू नये. दोन चुली करणं अवघड नाही.

ओवसा कधी आणि कोणाचा असतो?

ओवसा म्हणजे गौरीपुढे सुपं ओवाळायची रीत, कोकणातल्या नव्या नवरीची. लग्नानंतर पूर्वा नक्षत्रात गौरी येतील त्या वर्षी तिचा पहिला ओवसा होतो. इथे एक घोटाळा हमखास होतो. गौरींचं आवाहन, पूजन आणि विसर्जन ज्या नक्षत्रांवर होतं ती चंद्राची. ओवशासाठी पाहतात ते सूर्याचं नक्षत्र, ज्यावरून शेतकरी पावसाचा अंदाज बांधतो ते. सूर्य पूर्वा फाल्गुनीत साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. त्या काळात गौरी आल्या तर ‘पूर्वा लागल्या’. नाहीतर नवरीला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

माहेरून सुपं येतात. त्यांत फळं, भाज्या, सुकामेवा, पानसुपारी, वेलींची पानं. नवरी ती सुपं गौरीपुढे ओवाळते, मग सासरच्या वडीलधाऱ्यांना देऊन नमस्कार करते आणि ते तिला ओवाळणी घालतात. किती सुपं, कुणाकुणाला, हे गावाप्रमाणे बदलतं. माहेरच्यांवर खर्चाचा बोजा पडेल इतकी सुपं मागू नयेत. पूर्वी परसातली काकडी, पडवळ आणि दारातली पानं सुपात जायची. आजही तीच शोभून दिसतात.

कोल्हापूरकडे शंकरोबा येतो, तो काय प्रकार?

गौर माहेरी आली की मागोमाग जावईबापू न्यायला येतात, तसा पूजनाच्या दिवशी शंकरोबा येतो. त्यालाही गौरीसारखंच वाजतगाजत घरात घेतात, तिच्या शेजारी बसवतात आणि तिसऱ्या दिवशी दोघांची पाठवणी बरोबर होते. त्या भागात मुली-बायका पाणवठ्यावरून गौरी आणतात, तेव्हा झिम्मा-फुगड्या आणि गाणी घाटावरच सुरू होतात. कोकणातही पूजनाची रात्र जागवतात, फेर धरतात, फुगड्या घालतात. गौरीची गाणी वयस्क बायकांकडून आत्ताच फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. ती छापलेली क्वचितच मिळतात.

नागपूरकडे महालक्ष्मीला गावजेवण का असतं?

गावजेवण नाही, पण त्याच्या जवळपास! विदर्भात महालक्ष्मीचा प्रसाद घ्यायला नातेवाईक, शेजारी, कचेरीतली माणसं, मुलांचे मित्र, सगळ्यांना बोलावतात. एका दिवसात तीन-चार घरी जेवायला जाणारी माणसं मी दर वर्षी पाहते. आधी नैवेद्याची पानं देवीपुढे मांडून पडदा ओढतात, थोडा वेळ तिला निवांत जेवू देतात. मग सवाष्ण, ब्राह्मण आणि मग पंगती. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. चार घास घेतले तरी चालतात, पण जायचं.

खर्च झेपत नसेल तर पंगत लहान ठेवा. कर्ज काढून घातलेली पंगत देवीला हवी आहे असं कुठल्याच कहाणीत नाही.

सुताच्या गाठी कशा पाडतात?

सोळा पदरी सूत हळदीने रंगवून पूजेत गौरींजवळ ठेवतात. तिसऱ्या दिवशी त्याला सोळा गाठी पाडतात आणि गाठींमध्ये एकेक जिन्नस गुंफतात: हळदकुंकू, सुकामेवा, बेलफळ, झेंडूची पानं, काशीफळाचं (लाल भोपळ्याचं) फूल, रेशमाचा धागा. हे पोवतं घरातल्या बायका गळ्यात घालतात आणि घरच्या रीतीने ठरलेल्या दिवशी उतरवतात. गाठ पाडताना आधी जिन्नस धरायचा, मग गाठ. दुसरीने धाग्याचं टोक ताणून धरलं तर काम पटकन होतं.

विसर्जनाला मुखवटे पाण्यात सोडायचे का?

नाही. मूळ नक्षत्रावर पूजा-आरती करून, अक्षता वाहून मुखवटे जागच्या जागी हलवतात. विसर्जन तेवढंच. पाण्यात जातात ते खडे, तेरड्याची गौर आणि पत्री. नदीकाठ दूर असेल तर बादलीत विसर्जन करून ते पाणी झाडांना घालावं. फुलं आणि पत्री प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून फेकणं मला बघवत नाही. तेरडा कुजून उत्तम खत होतं, कुंडीतही.

परत येताना नदीची थोडी वाळू आणतात आणि घरभर, धान्याच्या डब्यांवर, परसातल्या झाडांवर टाकतात. हे कहाणीतूनच आलं आहे. म्हातारी निघताना त्या घराला वाळू देते आणि हंड्यावर, मडक्यावर, पेटीत, गोठ्यात टाकायला सांगते. आता वाळू चिमूटभरच आणा, नद्यांमध्ये ती उरलेली नाही.

आमच्याकडे गौरी नाहीत. नव्याने सुरू करता येतात का?

‘गौरी वारशानेच येतात, नव्याने आणायच्या नाहीत’ असं पुष्कळांकडून ऐकाल. मला ते पटत नाही आणि त्याचं कारण पुन्हा तीच कहाणी. त्या गरीब माणसाच्या घरी गौरी नव्हत्याच. घरोघर आलेल्या गौरी पाहून त्याच्या मुलांनी हट्ट धरला, घरात तर काहीच नव्हतं. तो उद्विग्न होऊन तळ्यावर गेला, तिथे ती म्हातारी भेटली आणि आपण होऊन त्याच्या घरी आली. ज्याच्याकडे वारसा नव्हता त्याच्याच घरी देवी आली आणि त्यालाच तिने हे व्रत सांगितलं.

सुरू करताना खड्यांपासून करा. दर वर्षी निभेल एवढंच करा. एका वर्षी चांदीचे मुखवटे आणि पुढच्या वर्षी वेळ नाही म्हणून माळ्यावर, असं होऊ नये.

सासूबाईंना वैधव्य आलं आहे. त्यांनी मुखवटे आणले तर चालेल का?

जुनी रीत सवाष्णींची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या बाईने चाळीस वर्षं या गौरींचं केलं, तिला एका वर्षी दाराआड बसवायचं, हे मला करवत नाही. आमच्याकडे सासूबाईच मुखवटे आणतात आणि मी ताट वाजवते. ज्यांना जड जातं त्यांनी निदान कुंकवाची पावलं त्यांच्या हातून काढून घ्यावीत, सुरुवात होईल. कुणी नातेवाईक कुजबुजले तर घरातल्या कर्त्या पुरुषाने स्पष्ट बोलावं. ते काम सुनेवर टाकू नये.

सुतक आलं तर?

बहुतेक घरांत त्या वर्षी गौरी बसत नाहीत. काही ठिकाणी सुतक नसलेल्या नात्यातल्या घरी पूजा होते. घरच्या ज्येष्ठांना विचारा.

भाऊ वेगळे झाले. गौरी कोणाकडे?

काही कुळांत त्या थोरल्याच्याच घरी राहतात आणि बाकीचे तिथे जमतात. काही कुळांत प्रत्येक भाऊ आपापल्या घरी मांडतो. दोन्ही रीती चालत आलेल्या आहेत. मुखवटे एकच जोडी असेल तर आलटून पालटून नेण्याऐवजी एका घरी ठेवा आणि खर्च, कष्ट वाटून घ्या. कष्ट म्हणजे भाज्या चिरणं आणि भांडी घासणंही आलं, आणि ते भावांनीही करायचं.

माहेरची आणि सासरची रीत वेगळी आहे. कोणती पाळू?

गौरी ज्या घरी बसतात त्या घरची. पण माहेरची एखादी गोष्ट जोडायला कुणाची हरकत नसावी. आमच्या महालक्ष्म्यांपुढे पुरणपोळीच्या ताटाशेजारी एका वाटीत घाटलं असतं. पहिल्या वर्षी सासूबाईंनी चाखून पाहिलं, दुसऱ्या वर्षी त्यांनीच नारळ फोडून दिला.

मुखवटे वर्षभर कसे ठेवावेत?

शाडूचे आणि मातीचे मुखवटे कोरड्या मऊ कापडाने पुसा, ओलं फडकं लावू नका, रंग उतरतो. जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत वेगवेगळे गुंडाळून, तोंड वर करून डब्यात ठेवा आणि मध्ये कापसाची गादी द्या. पितळेचे मुखवटे चिंचेने किंवा लिंबाने घासून, पूर्ण सुकवून मगच गुंडाळावेत. ओल राहिली की हिरवे डाग पडतात. डोळ्यांच्या आणि भुवयांच्या रंगावर चिंच जाऊ देऊ नका. दागिने, हात, बाळं आणि नाड्या त्याच डब्यात ठेवा आणि झाकणावर आत काय आहे त्याची यादी चिकटवा. पुढच्या भाद्रपदात ऐन वेळी एक हात सापडत नाही, हे जवळजवळ प्रत्येक घरात घडतं.